एसीवरच्या ताऱ्यांमागचा माणूस : लॉर्ड केल्विन

एप्रिल लागला की पाटोदा, आष्टी, बीड, सगळीकडच्या इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानांत एकच प्रश्न ऐकू येतो : थ्री स्टार घ्यावा की फाइव्ह स्टार? किमतीत फरक चांगलाच असतो. दुकानदार ताऱ्यांकडे बोट दाखवतो, गिऱ्हाईक महिन्याचा हप्ता विचारते आणि स्टिकरवर छापलेला खरा कामाचा आकडा, 3.9 किंवा 5.1 असा काहीतरी, कुणी वाचतच नाही. त्या आकड्यामागचा हिशेब ज्या माणसाने इमारतीसाठी म्हणून प्रथम मांडला, तो एसी घरोघरी पोचण्याच्या कितीतरी आधी वारला. त्याचे नाव विल्यम थॉमसन. पुढे त्याला उमरावपद मिळाले आणि जग त्याला लॉर्ड केल्विन म्हणू लागले.

विल्यमचा जन्म 26 जून 1824 रोजी आयर्लंडमधल्या बेलफास्ट शहरात झाला. योगायोग असा, की त्याच वर्षी पॅरिसमध्ये सादी कार्नो नावाच्या एका तरुण फ्रेंच लष्करी अभियंत्याने वाफेच्या इंजिनावर एक छोटे पुस्तक छापले होते. ते फारसे कुणी वाचले नाही. त्या पुस्तकाचा आणि या बाळाचा पुढे घट्ट संबंध यायचा होता.

वडील जेम्स थॉमसन हे शेतकऱ्याच्या घरातून स्वतःच्या हिमतीवर शिकून गणिताचे प्राध्यापक झालेले. विल्यम सहा वर्षांचा असताना आई गेली. वडिलांनी मुलांना घरीच शिकवले आणि ग्लासगो विद्यापीठात नेमणूक मिळाल्यावर सगळे कुटुंब स्कॉटलंडला हलवले. विल्यमने विद्यापीठात नाव घातले तेव्हा तो दहा वर्षांचा होता. त्या काळी ग्लासगोत लहान मुलांना असा प्रवेश मिळे, तरी दहा म्हणजे लहानच. सोळाव्या वर्षी त्याने फुरिए या फ्रेंच गणितज्ञाचा उष्णतेवरचा ग्रंथ वाचून काढला आणि त्यावर चुकीची टीका करणाऱ्या एका प्राध्यापकाला टोपणनावाने लेख लिहून उत्तर दिले. उष्णता गरमकडून थंडाकडे कशी वाहते, हा विषय तिथून जो डोक्यात बसला तो शेवटपर्यंत.

केंब्रिजची परीक्षा आटोपून 1845 साली तो पॅरिसला गेला. तिथे रेन्यो यांच्या प्रयोगशाळेत वाफेची अतिशय काटेकोर मोजमापे चालत. दिवसा प्रयोगशाळा आणि उरलेल्या वेळात पुस्तकांची दुकाने, असा त्याचा क्रम होता. कार्नोचे पुस्तक त्याला हवे होते. दुकानदार त्याच आडनावाच्या दुसऱ्या लेखकाची पुस्तके पुढे करत. ज्याचे पुस्तक हवे होते तो सादी कार्नो 1832 सालीच, वयाच्या 36 व्या वर्षी, कॉलऱ्याने दगावला होता आणि संसर्गाच्या भीतीने त्याच्या सामानाबरोबर त्याची बरीचशी कागदपत्रेही नष्ट झाली होती. कॉलऱ्याने पदार्थविज्ञानाचे किती नुकसान केले याचा हिशेब कुणी मांडलेला नाही. पण उष्णतेच्या शास्त्राची वीस वर्षे तरी या एका मृत्यूने मागे गेली असावीत. थॉमसनला त्या वेळी दुसऱ्या एका अभियंत्याने लिहिलेल्या गोषवाऱ्यावरच भागवावे लागले. मूळ पुस्तक हाती यायला आणखी तीन वर्षे लागली.

कार्नोचे म्हणणे समजायला पाटोदा तालुक्यातच एक चांगली जागा आहे. पावसाळ्यात सौताड्याला रामेश्वरचा धबधबा बघायला गर्दी होते. वरून पडणाऱ्या पाण्याखाली चाक लावले तर ते फिरेल, आणि धबधबा जितका उंच तितके जास्त काम मिळेल. कार्नो म्हणाला, उष्णतेचेही तसेच आहे. ती गरम बॉयलरकडून थंड पाण्याकडे उतरते, म्हणून इंजिन चालते. किती काम मिळणार हे दोन तापमानांतल्या उतारावर ठरते. इंजिन कितीही चांगले बनवा, त्या उताराने घातलेली मर्यादा ओलांडता येत नाही.

1846 साली, वयाच्या 22 व्या वर्षी, थॉमसन ग्लासगोत पदार्थविज्ञानाचे प्राध्यापक झाले. ही खुर्ची त्यांनी पुढे 53 वर्षे सोडली नाही. मुलाला ही जागा मिळावी म्हणून वडिलांनी बरीच धडपड केली होती. पण त्यांना फार दिवस ते सुख लाभले नाही. जानेवारी 1849 मध्ये ग्लासगोत कॉलऱ्याची साथ असताना ते गेले. ज्या रोगाने कार्नो नेला, त्यानेच थॉमसनचे वडील नेले.

दरम्यान, 1848 साली, थॉमसन यांनी एक गोष्ट केली होती जिच्यामुळे त्यांचे नाव आज शाळेच्या पुस्तकात आहे. थर्मामीटरवरचा शून्य अंश ही माणसाने आपल्या सोयीने मारलेली खूण आहे. पाणी गोठते तिथे सेल्सिअसचा शून्य. फॅरनहाइटचा आणखी कुठे. त्यामुळे 40 अंश हे 20 अंशांच्या दुप्पट गरम, असे म्हणण्याला काही अर्थ नाही. थॉमसन यांनी कार्नोच्या तत्त्वावरून अशी मोजपट्टी सुचवली, जी कुठल्याही एका पदार्थाच्या लहरीवर अवलंबून नाही. तिचे पुढचे रूप म्हणजे आजची केल्विन मोजपट्टी. तिचा शून्य म्हणजे उणे 273 अंश सेल्सिअस, ज्याच्या खाली थंडी नाहीच. या पट्टीवर निरोगी माणसाचे अंग 310 अंश असते आणि मे महिन्यातली 43 अंशांची दुपार 316 अंश.

इथे एक अडचण होती. कार्नोची समजूत अशी, की उष्णता ही पाण्यासारखी वस्तू आहे. ती उतरते, पण संपत नाही. 1847 साली ऑक्सफर्डच्या एका परिषदेत मँचेस्टरकडचा जेम्स जूल नावाचा दारूभट्टीवाल्याचा मुलगा उभा राहिला आणि कामाची उष्णता होते व उष्णतेचे काम होते, हे त्याने पाण्यात पाती फिरवून मोजून दाखवले. बहुतेकांनी लक्ष दिले नाही. थॉमसनना पटले नाही, पण विसरताही येईना. काही आठवड्यांनी आल्प्सच्या पायथ्याशी दोघांची अचानक गाठ पडली. जूल नवपरिणीत पत्नीबरोबर फिरायला आला होता आणि हातात लांबलचक थर्मामीटर घेऊन धबधब्याच्या वरच्या आणि खालच्या पाण्याचे तापमान मोजायच्या तयारीत होता, अशी आठवण थॉमसन पुढे सांगत. थर्मामीटरचा भाग थोडा रंगवलेला असावा, असे इतिहासकारांना वाटते. पण विचार बरोबर होता. पाणी 100 मीटर खाली आदळले तर ते जेमतेम पाव अंशाने गरम होते. सौताड्याच्या कुंडात हात घालून हे कळणार नाही, पण गणितात ते असतेच.

जूलचे आणि कार्नोचे म्हणणे एकत्र कसे नांदेल, याचा उलगडा थॉमसन यांनी 1851 पर्यंत केला. जर्मनीत क्लॉसियस यांनी तो थोडा आधी केला होता. एकूण ऊर्जा कुठे जात नाही. पण उष्णता आपण होऊन थंडाकडून गरमकडे कधी जाणार नाही. न्यायची असेल तर काम खर्च करावे लागेल.

किती काम? एसीच्या आकड्याची गोष्ट इथून सुरू होते.

त्या सुमारास स्कॉटलंडचे राजज्योतिषी पियाझी स्मिथ यांनी उष्ण देशांतल्या खोल्यांची हवा थंड करण्याची एक योजना मांडली होती : हवा दाबायची, दाबल्याने ती तापते ती उष्णता बाहेर सोडायची आणि मग ती हवा फुगू देऊन थंडगार अशी खोलीत सोडायची. अमेरिकेत फ्लोरिडाच्या किनाऱ्यावर जॉन गोरी नावाचे एक डॉक्टर तापाच्या रुग्णांच्या खोल्या थंड ठेवण्यासाठी जवळजवळ याच मार्गाने बर्फ तयार करत होते. 1851 साली त्यांना पेटंटही मिळाले. त्या यंत्राला पैसे लावायला कुणी पुढे आले नाही आणि 1855 साली ते निराश अवस्थेत वारले. तापाच्या रुग्णाला गारवा द्यावा, ही मूळ कल्पना एका डॉक्टरची होती, हे इथे नोंदवलेले बरे.

थॉमसन यांनी 1852 साली ग्लासगोच्या तत्त्वज्ञान मंडळापुढे निबंध वाचला. विषय होता हवेच्या प्रवाहाने इमारती गरम किंवा थंड करण्यातली काटकसर. काटकसर हा शब्द महत्त्वाचा. गारवा निर्माण करता येतो हे इतरांनाही माहीत होते. तो किती खर्चात येईल हे थॉमसन मोजत होते.

त्यांचा हिशेब आपल्याकडच्या विहिरीवरून चटकन कळतो. विहिरीत पाणी वीस फुटांवर असेल तर मोटर हलकी चालते. उन्हाळ्यात तेच पाणी साठ फुटांवर गेले की तेवढीच घागर वर काढायला तिप्पट जोर लागतो. थंड खोली म्हणजे विहिरीचा तळ, बाहेरचे ऊन म्हणजे काठ आणि उष्णता म्हणजे पाणी. एसी गारवा तयार करत नाही, तो उष्णता उपसतो. आतल्या आणि बाहेरच्या तापमानातला फरक ही विहिरीची खोली. म्हणूनच एक विचित्र वाटणारी गोष्ट शक्य होते : एक युनिट वीज खर्चून एसी तीन, चार, पाच युनिट उष्णता बाहेर टाकू शकतो. यात फसवणूक नाही. वीज उष्णतेत बदलून गारवा येत नसतो, ती फक्त वाहतुकीची मजुरी आहे.

थॉमसन यांच्या सूत्राने या मजुरीची आदर्श मर्यादाही काढता येते. खोलीचे तापमान केल्विनमध्ये घ्यायचे आणि आतल्या-बाहेरच्या फरकाने भागायचे. बाहेर 43, आत 24 : म्हणजे 297 भागिले 19, उत्तर साडेपंधराच्या वर. जगातला सर्वोत्तम, घर्षण नसलेला, कधीच न बनणारा एसी एका युनिटमध्ये साडेपंधरा युनिट उष्णता काढेल. आता रिमोटवर 18 लावा : 291 भागिले 25, म्हणजे साडेअकरा. यंत्र तेच, तारे तेच. फक्त विहीर खोल केली आणि मर्यादाच खाली आली. उलट 27 वर ठेवून पंखा लावला तर ती पावणेएकोणिसाच्या घरात जाते. फाइव्ह स्टार घेऊन 18 वर चालवणाऱ्या माणसाने ताऱ्यांसाठी दिलेल्या पैशांपैकी बरेचसे स्वतःच रिमोटने घालवलेले असतात.

खऱ्या एसीचा आकडा पंधराच्या आसपासही का जात नाही, याचे कारणही याच विचारात आहे. आतली कॉइल खोलीपेक्षा खूप थंड ठेवावी लागते, साधारण दहा अंशांच्या आसपास, आणि बाहेरच्या युनिटची जाळी उन्हापेक्षा खूप गरम. यंत्राला उपसावी लागणारी विहीर ही तुमच्या थर्मामीटरला दिसते त्यापेक्षा अशी दुप्पट खोल असते. फिल्टर धुळीने बुजला, बाहेरचे युनिट पत्र्याच्या शेडखाली कोंडले किंवा त्याच्यासमोर पोत्यांची थप्पी लावली, की ती आणखी खोल होते. मराठवाड्याच्या धुळीत फिल्टर दर पंधरवड्याला धुणे हे एखाद्या ताऱ्याइतकेच मोलाचे आहे, आणि त्याला पैसे पडत नाहीत.

आता स्टिकर. केंद्र सरकारच्या ऊर्जा दक्षता ब्यूरोने, म्हणजे बीईईने, एसीवर हे लेबल सक्तीचे केले आहे. त्यावरच्या आकड्याला आयएसईईआर म्हणतात. पूर्ण हंगामात यंत्राने किती उष्णता काढली, भागिले त्यासाठी किती वीज खाल्ली, एवढाच त्याचा अर्थ. थॉमसन यांचाच प्रश्न. एकाच तापमानाला चाचणी घेतली तर फसगत होईल, म्हणून भारतीय हवामान धरून बाहेरचे तापमान 24 ते 43 अंशांच्या दरम्यान बदलते मानले जाते आणि वर्षाला 1600 तास वापर गृहीत धरला जातो. जुलै 2022 मध्ये लागू झालेल्या तक्त्यात स्प्लिट एसीचा आकडा 5 किंवा वर असेल तर पाच तारे मिळत, 3.8 ते 4.39 असेल तर तीन. 2018 च्या तक्त्यात मात्र पाच ताऱ्यांना साडेचार पुरत होते. म्हणजे 4.6 चा एसी तेव्हा पाच ताऱ्यांचा होता, तो नंतर चारचा झाला. तारे असे काही वर्षांनी महाग होतात, आकडा मात्र जागचा हलत नाही. म्हणून स्टिकरवर छापलेले वर्ष आणि आयएसईईआर ही दोन्ही बघावीत. सवलतीत मिळणारा गेल्या तक्त्यातला फाइव्ह स्टार वाईट असतो असे नाही, पण तो आजचा फाइव्ह स्टार नसतो.

टनाचा ताऱ्यांशी संबंध नाही. टन म्हणजे उपशाचा वेग, मोटर किती इंची पाणी फेकते तसे. एक टन म्हणजे सुमारे साडेतीन किलोवॉट उष्णता. नुसता बसलेला माणूसही जवळपास शंभर वॉट उष्णता सोडतो, त्यामुळे दहा बाय बाराच्या खोलीत दोन माणसे झोपणार की सहा, छत स्लॅबचे आहे की पत्र्याचे, यावर टन ठरवायचा. ताऱ्यांवरून नव्हे.

आणि तीन की पाच? समजा एका हंगामात खोलीतून 4,000 युनिट उष्णता काढायची आहे. 3.9 चा एसी त्यासाठी सुमारे 1,026 युनिट वीज घेईल, 5.1 चा 784. फरक 242 युनिटांचा. महावितरणच्या बिलावर वरच्या टप्प्याचा जो दर आपल्याला लागतो त्याने याला गुणले, की एका वर्षाची बचत समोर येते. पण ही पूर्ण 1600 तासांची गोष्ट झाली. पाटोद्यातले घर एप्रिलपासून जूनच्या मध्यापर्यंत फक्त रात्री सात तास एसी लावणार असेल, तर वापर त्याच्या तिसऱ्या हिश्शाचा आणि बचत जेमतेम 80 युनिटांची. अशा घराने थ्री स्टार घेऊन उरलेल्या पैशात छताला पांढरा चुना किंवा उष्णतारोधक रंग द्यावा आणि पश्चिमेच्या खिडकीवर सावली करावी, हे शहाणपणाचे. दिवसभर चालणारे दुकान, दवाखाना, औषधांचे गोदाम यांनी मात्र पाचच्या खाली बघू नये.

खरे तर या भागात आधीचा प्रश्न वेगळाच असायला हवा : एसी हवाच आहे का? बालाघाटच्या पठारावर मे महिन्यातली हवा कोरडी असते. एक लिटर पाणी हवेत उडून जाताना सुमारे दोन तृतीयांश युनिट उष्णता घेऊन जाते, आणि त्याला लागते फक्त पंख्याची वीज. कूलरच्या ताट्या, दारावरचा वाळ्याचा पडदा आणि माणसाचा घाम ही तिन्ही याच तत्त्वावर चालतात. बाहेर 43 आणि अंगात 37 असताना उष्णता आपोआप अंगाकडेच वाहणार. तिथे घामाखेरीज शरीराजवळ दुसरा उपाय नाही. म्हणून कोरड्या दिवसांत कूलर उत्तम. पण जूनमध्ये ढग जमले, हवा दमट झाली, की पाणी उडत नाही, कूलर नुसती ओल देतो आणि घाम अंगावर तसाच राहतो. तेव्हा एसीची खरी गरज लागते. शिवाय कूलरला दिवसाला जितके पाणी लागते तितके, टँकरची वाट बघणाऱ्या वस्तीवर, मेमध्ये कुठून आणायचे? कुठे वीज वाचवायची आणि कुठे पाणी, हे प्रत्येक घराला आपापले ठरवावे लागते.

म्हातारी माणसे, हृदयविकाराचे रुग्ण, लघवी वाढवणाऱ्या किंवा घाम कमी करणाऱ्या गोळ्या घेणारे, तान्ही बाळे यांच्यासाठी मात्र पत्र्याच्या खोलीतला उकाडा धोक्याचा असतो, रात्रीसुद्धा. त्यांना 26-27 अंशांची खोली पुरते. 18 ची गरज कुणालाच नसते. उन्हाने कुणी बडबडू लागले, भान हरपले आणि अंग चटका बसण्याइतके तापले, तर आधी अंगावर पाणी ओतून वारा घालावा आणि त्याच वेळी 108 ला फोन करावा. एसीची खोली शोधत बसू नये.

थॉमसन यांच्या निबंधावरून मात्र कुणी यंत्र बनवले नाही. ते स्वतः जूलबरोबर दुसऱ्या प्रयोगांत गुंतले. दाबलेला वायू सच्छिद्र बोळ्यातून पलीकडे सोडला तर तो किंचित थंड होतो, हे दोघांनी दहा वर्षे मोजले. पुढे हवेचे द्रव करण्याची यंत्रे या परिणामावर उभी राहिली. त्याच 1852 साली त्यांनी मार्गारेट क्रम यांच्याशी लग्न केले. पण पुढच्या प्रवासात पत्नीची प्रकृती बिघडली ती पुन्हा सुधारली नाही. सतरा-अठरा वर्षे त्यांनी आजारी पत्नीची काळजी घेत संसार केला. 1860 च्या हिवाळ्यात बर्फावरचा खेळ खेळताना पडून त्यांचा पाय मोडला. ते जन्मभर लंगडत चालले.

जगाला ते माहीत झाले ते समुद्रातल्या तारेमुळे. 1858 साली अटलांटिकखालून टाकलेली पहिली तार काही आठवड्यांत मेली. कंपनीचे वीजतज्ज्ञ वाइल्डमन व्हाइटहाउस हे पेशाने सर्जन होते. संदेश पोचत नाही म्हणून त्यांनी तारेवर प्रचंड दाबाची वीज सोडली आणि तारेचे आवरणच निकामी झाले. थॉमसन यांचा मार्ग उलटा होता. वीज वाढवण्याऐवजी त्यांनी पलीकडच्या टोकाला इतके नाजूक यंत्र ठेवले, की चिमुकला आरसा आणि प्रकाशाचा ठिपका अगदी क्षीण प्रवाहालाही हलत असे. जोर लावण्यापेक्षा वाया जाते कुठे ते बघायचे, हा त्यांचा स्वभाव होता. 1866 साली तार यशस्वी झाली आणि त्यांना सर किताब मिळाला. 1870 साली मुंबईचा किनाराही एडन-सुएझमार्गे समुद्रातल्या तारेने लंडनशी जोडला गेला. त्याच वर्षी मार्गारेट गेल्या. चार वर्षांनी त्यांनी दुसरे लग्न केले.

मोजता येत नाही ते आपल्याला नीट कळलेले नाही, या मताचे ते होते आणि विजेची मोजमापे करणारी कितीतरी उपकरणे त्यांनी बनवली. विद्यापीठातले त्यांचे घर 1881 सालीच विजेच्या दिव्यांनी उजळले होते. तरी मोठ्या चुकाही त्यांच्याच. पृथ्वीच्या निवण्यावरून त्यांनी तिचे वय काही कोटी वर्षे काढले. ते साडेचार अब्जांच्या घरात निघाले. डार्विनच्या पाठीराख्यांना या आकड्याने बरीच वर्षे घाम फोडला. नायगाऱ्याच्या धबधब्यावर वीज बनवायची होती तेव्हा त्या आयोगाचे ते अध्यक्ष होते, आणि आज घराघरात येणारी उलटसुलट वाहणारी वीज वापरू नये म्हणून त्यांनी 1893 साली तार पाठवून विरोध केला. एक्स-रेची बातमी आली तेव्हा त्यांना ती थाप वाटली. पण राँटगेनचा लेख वाचल्यावर त्यांनी मत बदलले आणि 1896 सालीच स्वतःच्या हाताचा एक्स-रे काढून घेतला. तेव्हा ते बहात्तरीला टेकले होते. त्या वयात पुराव्यापुढे मत सोडणारी माणसे कुठल्याही क्षेत्रात मोजकीच.

1892 साली उमरावपद मिळाले तेव्हा त्यांनी ग्लासगो विद्यापीठाशेजारून वाहणाऱ्या केल्विन नदीचे नाव घेतले. 1899 साली निवृत्त झाले. 1902 साली न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागातल्या एका छापखान्यात, दमट हवेने कागद फुगून रंग हलतात म्हणून, विलिस कॅरिअर या तरुण अभियंत्याने हवेतली आर्द्रता काबूत ठेवणारे यंत्र आखले. आजच्या एसीची सुरुवात तिथून धरतात. ते माणसांसाठी नव्हते, कागदासाठी होते. पाच वर्षांनी, 1907 च्या हिवाळ्यात, केल्विन यांना थंडी बाधली आणि 17 डिसेंबरला लार्ग्जच्या घरी ते वारले. वेस्टमिन्स्टर ॲबेमध्ये न्यूटनच्या शेजारी त्यांना पुरले आहे.